निळ्या काठाची बादली

रायपूरच्या शंकर नगरातल्या आमच्या गल्लीत कुणाचा डबा कुणाकडे अडकला आहे हे शोधायचं असेल, तर लोक माझ्याकडे येतात. तीस वर्षं मी सरकारी भांडारात काढली. आलेलं, गेलेलं, शिल्लक. निवृत्त झाले तेव्हा रजिस्टर ऑफिसात राहिलं आणि सवय माझ्यासोबत घरी आली. मराठी घरातून डबा रिकामा परत जात नाही हे सगळ्यांनाच माहीत आहे, पण तो कोण कसा भरून पाठवतं त्यावरून माणूस कळतो. काहीजणी दोन दिवसांत परत करतात आणि आत काहीतरी गरम असतं. यांना उपकार अंगावर ठेवून झोप येत नाही. काहीजणी महिनाभर डबा वापरतात आणि चमचाभर साखर घालून पाठवतात. या कायद्यानं चालणाऱ्या. कोपऱ्यावरची चेतना माझीच चटणी मला चार दिवसांनी परत देते, वर थोडी कोथिंबीर घालून.

माझ्या हातून आजवर एकही भांडं रिकामं गेलेलं नाही. हे मी पूर्वी मान ताठ करून सांगायचे. आता जरा खालच्या आवाजात सांगते, कारण याच सवयीपायी मी एका भल्या माणसाला, तो वेडा होत चालला आहे, हे त्याचं त्यालाच पटवून दिलं.

हा भला माणूस म्हणजे शेजारचे यज्ञेश्वरभाऊ. मूळचे इथल्याच तात्यापाऱ्यातले, पण उमेदीची एकतीस वर्षं शिमल्याला हवामान खात्यात गेली. सकाळी साडेआठला पारा किती होता, पहिला बर्फ कोणत्या तारखेला पडला, हे टिपायची नोकरी. मी सामान मोजलं, त्यांनी थंडी मोजली. त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. बायको, शांताबाई, गेल्यावर चार वर्षांपूर्वी ते लेकीकडे, मीराकडे, राहायला आले. सोबत दोन ट्रंका आणि तामचिनीची एक बादली. पांढरी, निळ्या काठाची, बुडाला तीन भोकं पाडलेली. बादलीत एक रोप.

"ह्याले होस्टा म्हणतात," त्यांनी कुंपणापलीकडून ओळख करून दिली. "पण हे रोप नाही मीनाक्षीबाई. ही डब्याची परतफेड आहे."

मी कान टवकारले. विषय माझाच होता.

शिमल्याला शांताबाईंनी शेजारच्या पहाडी बाईला दिवाळीत चकलीचा डबा पाठवला होता. त्या बाईला कुणीतरी सांगितलं, मराठी माणसाचा डबा रिकामा देऊ नये. घरात त्या दिवशी काही केलेलं नव्हतं. तिनं अंगणातल्या भिंतीकडचा एक गड्डा उकरला, ओल्या मातीत गुंडाळला आणि डब्यात घालून पाठवला. पुढच्या आषाढात त्याला हातभर दांडा आला आणि दांड्याला खाली माना घातलेल्या घंटा.

"रंग?" मी विचारलं. नोंद करायची तर पूर्ण करावी.

"फिक्कट जांभळा. शांतानं मग तशीच साडी घेतली, फूल सोबत नेऊन, दुकानात जुळवून. दुकानदार हसला होता. मले आजही डोळे मिटले का तोच रंग दिसते."

रायपुरात मात्र ते रोप फुलेना. पानं यायची, दरवर्षी आणखी लहान. भाऊंनी ताकाचं पाणी घातलं, तांदळाचं धुवण घातलं, केळीची सालं पुरली. मीरा म्हणायची, "बाबा, छोड़ दो ना, मोगरा लावू." शेवटी ते मोबाईलवर आठवडाभर वाचत बसले आणि एका सकाळी कुंपणाशी येऊन म्हणाले, "हिले भूक नाही लागली. हिले झोप पाहिजे."

थंडीत होस्टा मरतो, म्हणजे मेल्यासारखा झोपतो. पानं कुजून गळतात, वर काही दिसत नाही. शिमल्यात तीन महिने बर्फाखाली असायचा. "रायपूरची थंडी म्हणजे हिच्यासाठी दुपारची डुलकी. झोपच होत नाही तं उठून फुलंन कुठून?" हे सगळं त्यांनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं होतं की नुसती मान डोलावली होती, हे मी पुढे स्वतःला बरेचदा विचारलं.

उपाय एकच होता, फ्रिज. मीरानं आपला फ्रिज द्यायला साफ नकार दिला. "दूध के बाजू में मिट्टी? नाही बाबा." माझ्याकडे मागच्या खोलीत जुना एक दाराचा फ्रिज आहे, दिवाळी आणि पाहुण्यांपुरता लावते. भाऊंना गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी डिसेंबरात नागपूरला भावाकडे जायचं होतं, दोन-अडीच महिने. जायच्या आदल्या दिवशी ते काठी टेकत बादली घेऊन आले. आम्ही फ्रिजची मधली जाळी काढली, बादली आत बसवली. त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली आणि लोहचुंबकानं दाराला लावली. अक्षर हवामान खात्याचं, एकेक अंक सुटा. दहा आठवडे. शेजारी फळं ठेवायची नाहीत. पंधरा दिवसांनी दोन चमचे पाणी. वर काही दिसलं नाही तरी घाबरायचं नाही.

"तुमच्याकडे आहे म्हणून मी निश्चिंत," ते म्हणाले. "तुमचा हिशोब चुकत नाही."

"तुम्ही गुडघ्याचं पाहा," मी म्हणाले. "ही माझ्या चार्जमध्ये."

सहा आठवडे मी चोख पाणी घातलं. मग संक्रांत आली. आमच्या हळदीकुंकवाला त्रेपन्न बायका येतात, आणि मी दरवर्षी श्रीखंड करते कारण तिळाची वडी सगळ्याच देतात. यादी करून ती फ्रिजच्या दाराला लावली. चुंबक एकच होता, म्हणून यादी चिठ्ठीवर गेली. श्रीखंडाची दोन पातेली ठेवायला जागा हवी होती, म्हणून बादली बाहेर आली. एका दुपारपुरती. मी ती गच्चीवर नेऊन ठेवली.

आणि विसरले.

नऊ दिवस. दहाव्या दिवशी पापड वाळत घालायला गेले तर बादली भर उन्हात. माती भेगाळलेली, वर एकही पान नाही, कडेला काळसर चिकट असं काहीतरी सुकलेलं. मी बोट खुपसून पाहिलं. काही लागलं नाही. बोट पेरभरच घातलं होतं, पण तेव्हा माझी खात्री झाली. खाली येऊन उदयना, म्हणजे आमच्या ह्यांना, सांगितलं.

"फोन कर यज्ञेश्वररावांना," हे पेपरातून म्हणाले.

"माणूस तिकडे पलंगावर पडलाय. त्याला सांगू, तुमच्या बायकोचं रोप मी वाळवलं?"

"मग आल्यावर सांग."

"आल्यावर सांगेनच."

"तुझ्या भांडारात असं म्हणणाऱ्यांचं तू काय करायचीस?"

असं म्हणणाऱ्यांची नावं मी वेगळ्या पानावर लिहायचे.

बादली मी मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीमागे उपडी केली. तिथं अडुळसा माजलेला आहे, कुणी जात नाही. बादली घासली, पुसली, आणि ती मोरीच्या कट्ट्यावर निळा काठ मिरवत बसली. फेब्रुवारी लागला. भाऊंचा फोन यायचा: "झोपली आहे ना पोट्टी?" मी म्हणायचे, "गाढ." हे खोटं होतं की खरं, हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

भाऊ यायच्या आठवड्यात माझा जीव टांगणीला लागला. मेल्या रोपाचं सांगता आलं असतं. पण रिकामी बादली त्यांच्या हातात देणं माझ्या हातून होईना. हे वाचून हसाल. पण चौसष्ट वर्षांत ज्या बाईनं शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी दिली नाही, तिचा हात कसा अडतो ते तिलाच कळतं. मी त्यांच्या रोपाचा मोबाईलवरचा फोटो घेऊन नर्सरीत गेले.

"हव अम्मा, है ना," नर्सरीवाला म्हणाला. रुंद, टोकदार पानांचं एक रोप त्यानं पुढे केलं. "एकदम सेम टू सेम."

"नाम क्या है इसका?"

"लिली."

"फोटोवाले का?"

"वो भी लिली. अम्मा, सब लिलीच है."

पानं जरा जास्त चकचकीत होती. मी मनाला म्हटलं, तेल लावल्यासारखी दिसतात, होतील मऊ. घरी आणून बादलीत लावलं, माती दाबली, पाणी घातलं. बादली भरली. तेवढ्यानं मला इतकं हलकं वाटलं की त्या दुपारी मी झोपले.

भाऊ आले. बादली पाहून त्यांचा चेहरा उजळला, मग त्यांनी पानावरून अंगठा फिरवला.

"चकचकीत झाली."

"फ्रिजमुळे असेल," मी म्हणाले.

"शिरा खोल असायच्या हिच्या. नांगरल्यासारख्या."

"हवा बदलली की माणूसही बदलतो भाऊ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. माझा हिशोब चुकत नाही ना.

मार्चमध्ये एक छोटी गोष्ट झाली. भाऊ ॲक्टिव्हावर सदर बाजारात चष्म्याची काडी बसवायला गेले, आणि परत आले ते ई-रिक्षानं. गाडी तिथंच राहिली. "गर्दीत ध्यानातच नाही आलं," म्हणून ते स्वतःच हसले. मीराही हसली. मीसुद्धा.

एप्रिलच्या मध्यात बादलीतल्या रोपाला दांडा आला. भाऊंनी गल्लीत घरोघर सांगितलं. सकाळ-संध्याकाळ खुर्ची टाकून समोर बसायचे. मीराला म्हणाले, फुललं का तुझ्या आईचा रंग पाहशील, तू लहान होती तेव्हाचा, तुले आठवत नसंन. ज्या दिवशी पहिली कळी उमलली त्या सकाळी त्यांनी मला हाक मारली. मी गेले. मीरा ऑफिसला निघायच्या तयारीत, पर्स खांद्याला लावून उभी होती.

फूल पांढरं होतं. शुभ्र, तळहाताएवढं, सुगंधी. दिसायला फार देखणं.

भाऊंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग मीरा हळूच म्हणाली, "बाबा, आप तो जामुनी बोलते थे ना?"

"हो," भाऊ म्हणाले. "जांभळाच."

"पण हे तर पांढरं आहे."

"दिसून राहिलं मले."

मीरानं मोबाईल काढला, शोधलं. होस्टा पांढराही असतो, असं त्यात होतं. मग आतून जुना अल्बम आला. शिमल्याचं घर, भिंत, शांताबाई, पायाशी फुलं. फोटो पस्तीस वर्षांचा, सगळे रंग उडून पिवळट झालेले. त्यात फुलं पांढरीच दिसत होती. आणि साडीही.

"देखो," मीरा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. लहान मुलाशी बोलावं तसा आवाज होता. "बाबा, हो जाता है. उमर में."

भाऊंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग म्हणाले, "असंन."

मी तिथं उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणाले, "वास छान आहे हं."

त्यानंतर ॲक्टिव्हाची किल्ली दारामागच्या खिळ्यावरून नाहीशी झाली. सदर बाजारातल्या गोष्टीवर आता मीरा हसत नव्हती; ती दोन गोष्टी जोडून पाहत होती, आणि माझ्यासारख्या बाईला कळतं, दोन नोंदी जुळल्या की तिसरी आपोआप सापडते. चहात साखर दोनदा घातली. दूधवाल्याला चुकीच्या नावानं हाक मारली. माणूस सत्त्याहत्तरचा असला की असल्या गोष्टी शोधाव्या लागत नाहीत. तिनं स्मरणशक्तीच्या डॉक्टरची वेळ घेतली, मंगळवारची. भाऊंनी मुकाट एक वही केली आणि त्यात लिहू लागले: नळ बंद केला. औषध घेतलं. शिमल्याच्या गोष्टी मात्र थांबल्या. मी एकदा मुद्दाम विचारलं, बर्फ किती पडायचा हो, तर म्हणाले, "आता सांगायची हिंमत होत नाही. खरं होतं का मीच बनवलं, कोण जाणे."

विसरले मी होते. विसराळू ते ठरत होते.

उदय रोज पेपराआडून एवढंच विचारायचे, "सांगितलं?" मी म्हणायचे, "सांगते." शेवटी त्यांनी विचारणंही सोडलं, आणि ते जास्त लागलं.

सोमवारी सकाळी भाऊ वही घेऊन आले. बसले नाहीत.

"मीनाक्षीबाई, तुमचं रेकॉर्ड पक्कं असते. उद्या डॉक्टर विचारतीन. मी तुम्हाले त्या फुलाचा रंग कोणता सांगितला होता, आल्या आल्या, चार वर्षांमागे?"

मला तो दिवस, ती वेळ, त्यांच्या सदऱ्याचा रंगसुद्धा आठवत होता. फिक्कट जांभळा, मी विचारलं होतं आणि त्यांनी सांगितलं होतं. हे बोलले असते तर पुढचं सगळं बोलावं लागलं असतं.

"नक्की नाही आठवत भाऊ," मी म्हणाले.

त्यांनी वही मिटली. "म्हणजे मी सांगितलंच नसंन. तुम्ही विसरत नाही." मग जाता जाता, पाठमोरे, म्हणाले, "आता शांताच्या साडीचा रंगही पक्का सांगता येत नाही मले. डोळे मिटले का पांढरं दिसते."

ते गेल्यावर मला घरात बसवेना. हातांना काम हवं म्हणून मी कोयता घेऊन टाकीमागचा अडुळसा छाटायला गेले. चार फांद्या तोडल्या आणि थांबले. टाकीच्या गार सावलीत, जिथं ती गळते तिथं, पानांचा एक घट्ट झुबका बसला होता. चकाकी नाही. रुंद, निळसर हिरवी पानं, आणि शिरा नांगरल्यासारख्या खोल. भाऊंच्या बादलीत चार वर्षांत कधी आली नव्हती एवढी मोठी.

मी तिथंच विटेवर बसले. पोट्टी मेली नव्हती. झोपली होती, सांगितल्याप्रमाणे. आणि मी तिला झोपेतच घराबाहेर काढलं होतं.

मनात पहिला विचार काय आला तेही लिहिते, नाहीतर ही नोंद अर्धीच राहील. पहिला विचार आला की गुपचूप अदलाबदल करावी. आता हे लावावं, ते काढावं, पुढं जांभळं फुललं की भाऊ खरे ठरतील. हे उदयना बोलून दाखवलं. त्यांनी पहिल्यांदाच पेपर खाली ठेवला.

"एकाच बादलीत आधी पांढरं, मग जांभळं? मीना, त्यांना अजून एक धक्का दिलास तर उद्याच्या डॉक्टरकडे मलाही घेऊन जा."

मंगळवारी सकाळी पावणेनऊला मी होस्टा मातीसकट घमेल्यात उचलला आणि शेजारी गेले. भाऊ वऱ्हांड्यात इस्त्रीचे कपडे घालून तयार बसले होते, परीक्षेला निघालेल्या मुलासारखे. मी घमेलं त्यांच्या पायाशी ठेवलं.

त्यांनी वाकून पानावरून अंगठा फिरवला. एकदा, शिरेशिरेवरून.

"ही कुठं होती?"

मी सांगितलं. श्रीखंड, गच्ची, नऊ दिवस, टाकी, नर्सरी. चेहऱ्याकडे न पाहता सांगितलं, बादलीच्या निळ्या काठाकडे पाहत.

"अन् चिठ्ठी?"

"यादीखाली गेली होती."

"काल मी विचारलं तेव्हा तुम्हाले आठवत होतं?"

"हो."

आत मिक्सरचं घरघरणं बंद झालं.

"रोप वाळलं असतं तं वाळलं असतं," ते म्हणाले. "मी शिमल्यात किती रोपं वाळलेली पाहिली. पण काल तुम्ही..." ते थांबले. "मले सांगून काय फायदा मीनाक्षीबाई. मले तं ठाऊकच होतं, अन् तरी मी मलेच खोटं पाडलं. मीराले सांगा. पुन्हा सगळं. माझ्यासमोर."

मीरा पर्स अडकवून बाहेर आली, म्हणाली, "चलो बाबा, देर होईल." मग घमेलं पाहिलं, मला पाहिलं. मी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही, कारण भाऊ मध्ये मध्ये दुरुस्ती करत होते. मी "आठवडाभर" म्हटलं तर म्हणाले, "नऊ दिवस."

मीरा खाली पायरीवरच बसली. "काकू, मी यांच्या कपाटावर चिठ्ठ्या लावल्या. दरवाजा बाहर से लॉक करून ऑफिसला गेले दो दिन." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "बाबा, तुम्ही काहून नाही बोललात? भांडायचं ना माझ्याशी."

"फोटो होता तुझ्याकडे. मोबाईल होता. माझ्याकडे काय होतं?"

तिनं पर्समधून किल्ली काढून वऱ्हांड्याच्या कठड्यावर ठेवली. भाऊंनी ती लगेच उचलली नाही.

"गाडी मी खरंच विसरलो होतो सदरमध्ये," ते म्हणाले. "तेही लिहा तुमच्या रजिस्टरात. डॉक्टरकडे जाऊन येऊ. आता घाबरत नाही."

मी निघाले. फाटकाशी पोचेपर्यंत कुणी हाक मारली नाही.

मे-जून त्या घरातून आमच्याकडे एक वाटीही आली नाही. मी आंब्याचं लोणचं पाठवलं तर मीरानं बरणी त्याच दिवशी परत केली, आत शेंगदाण्याचे चार लाडू. कायद्यानं. होस्टाला भाऊंनी कूलरच्या वाऱ्यात, उत्तरेच्या भिंतीशी जागा दिली होती. हे मला गच्चीवरून दिसायचं. नर्सरीचं रोपही त्यांनी टाकलं नव्हतं, वेगळ्या कुंडीत लावलं होतं. चेतना सांगत होती, तिनं विचारलं तर म्हणाले, "हिचा काय दोष? हिले कोणी विचारून आणलं का?" डॉक्टरनं वयाच्या मानानं ठीक आहे म्हटल्याचंही मला चेतनाकडूनच कळलं. आमच्या गल्लीची खबर, आणि ती मला तिसऱ्या हातानं मिळत होती.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फाटकाशी ॲक्टिव्हाचा हॉर्न वाजला. भाऊ गाडीवरच बसून होते. पायाशी माझं घमेलं.

"चला. साक्षीदार पाहिजे."

मी पदर खोचला होता तशीच गेले. बादलीतून हातभर दांडा वर आला होता, खाली माना घातलेल्या घंटा. अकरा कळ्या, पैकी चार उमललेल्या. मी मोजल्या, सवयीनं. मीरा आतून आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"मीनाक्षीबाई, रंग सांगा."

"फिक्कट जांभळा," मी म्हणाले.

"चार वर्षांमागे मी कोणता सांगितला होता?"

"हाच."

"ऐकलं, मीरा?"

"ऐकलं बाबा." ती अल्बम घेऊनच आली होती. रंग उडालेल्या त्या फोटोतल्या साडीवर तिनं बोट ठेवलं आणि फुलाकडे पाहत राहिली. भाऊंनी डोळे मिटले होते. त्यांना आता काय दिसत होतं ते मी विचारलं नाही. तो हक्क माझा उरला नव्हता.

निघताना त्यांनी घमेलं माझ्या हातात दिलं. घासून लख्ख केलेलं. मी सवयीनं आत पाहिलं.

"काही नाही त्यात," भाऊ म्हणाले. "भरायचं काम तुम्हालेच चांगलं जमते."

हसून म्हणाले की न हसता, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. घरी आले तर उदयनी पेपरातून विचारलं, "काय आलं तिकडून?"

"घमेलं."

"आत?"

"काही नाही."

"बरोबर आहे," हे म्हणाले, आणि पान उलटलं.